दादा, दार बाहेरच उघडेल

दादा, माझं अक्षर वाईट आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, म्हणून आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही. तू असतास तर या कागदावर लाल पेनानं गोल काढले असतेस. किराण्याच्या चिठ्ठीवरही काढायचास. दुकानदाराला ती चिठ्ठी वाचून सामान देता येत होतं, पण तुला ती आधी दुरुस्त करायची असे. आता तुझं लाल पेन तुझ्या मुलानं, निखिलनं, चष्म्यासोबत कपाटात ठेवून दिलं आहे. तू हे वाचणार नाहीस, म्हणूनच इतकं लिहायचा धीर झाला. तोंडावर मला कधी बोलता आलं नाही.

पुस्तकात लिहितात तसं लिहायचं हे तूच शिकवलंस, म्हणून तसं लिहिते. बोलणं मात्र जसं झालं तसंच टाकते. ते दुरुस्त करू नकोस.

काल तुझी तेरवी झाली. मी पंगतीत भात वाढत होते. तुझे जुने मास्तर मित्र जेवता जेवता एकमेकांना सांगत होते, "सरायनं आधीच दार बाहेर उघडणारं करून ठेवलं होतं, म्हणून त्या दिवशी एवढी पोरं वाचली. याले म्हणतात दूरदृष्टी." समोरचा म्हणाला, "मोठा माणूस होता." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, भात आण इकडे."

मी भात वाढला. काय सांगणार होते? तुझ्या तेरवीच्या पंगतीत उभं राहून, की ते दार तुम्ही समजता तसं झालेलं नाही? पण आज सकाळी मला बोलावं लागलं. काय बोलले ते शेवटी सांगते. आधीचं आधी येऊ दे.

वडनेरच्या शाळेत मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात तू वर्ध्याला मास्तरकीचं शिकायला खोली केलीस. हातानं करून खाणं तुला जमेना. मायनं सांगितलं, बेबीला घेऊन जा. मी दहा वर्षांची होते आणि मला भाकरी गोल करता येत होत्या, एवढंच माझं पाप. एसटीत मी रडत होते तेव्हा तू म्हणालास, "रडू नको बेबे, मी तुले घरीच शिकवीन. पाचवीची पुस्तकं आणतो." मी पुस्तकांची वाट पाहत तुझे डबे भरले. तू शिकलास, नोकरीला लागलास, पुढे मुख्याध्यापक झालास. पाचवीची पुस्तकं आली नाहीत. हे मी तुला एकदाही बोलून दाखवलं नाही. तू विसरलास असं मी इतकी वर्षं धरून चालले. काल तुझ्या फोटोला हार घालताना पहिल्यांदा वाटलं, तू विसरला नसशील. तुला ते बरं पडत होतं.

पण दुसरंही एक आहे, ते लिहिलं नाही तर मी खोटी ठरेन. रोहण्याला माझ्या सासरी मला बाहेर काढलं तेव्हा मी आंगणात पेटीवर बसून होते. गावानं पाहिलं, कोणी बोललं नाही. तू मोटरसायकल घेऊन आलास. आत गेला नाहीस, भांडला नाहीस, मला काही विचारलंही नाहीस. पेटी मागे बांधलीस आणि म्हणालास, "चाल घरी." सावंगीच्या तुझ्या घरापर्यंतच्या रस्त्यात तू एकदाच गाडी थांबवलीस, उसाचा रस पाजलास आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून उभा राहिलास, मला रडता यावं म्हणून. तेवढ्या एका दिवसापायी मला तुझा राग पुरता करता येत नाही. आणि राग आहे, दादा. पोटभर आहे.

रिटायर झाल्यावर तू वरच्या मजल्यावर अभ्यासिका काढलीस. एक लांब खोली, एक जिना, एक दार. नर्सिंगच्या मुली, तलाठी भरतीची, पोलीस भरतीची पोरं. मी खाली त्यांचे डबे करायची आणि चार वाजता वर चहा न्यायची. पहिल्याच दिवशी तू मला जिन्यात थांबवून सांगितलंस, "पोरायसमोर मले दादा म्हणू नको. सर म्हणत जाय, आन् तुमी म्हणत जाय." त्या दिवसापासून चार वाजता मी तुला "सर, चहा घ्या" म्हणू लागले आणि रात्री "दादा, जेव" म्हणू लागले.

दार आत उघडणारं होतं. वयनी म्हणाल्या होत्या, मुख्य दार आत उघडलं पाहिजे, लक्ष्मी आत येते. तू शाळेत विज्ञान शिकवायचास. दारावरची लिंबू-मिरची पोरांसमोर तोडून फेकणारा तू. वयनींच्या प्रत्येक गोष्टीवर हसायचास. पण लक्ष्मीवर हसला नाहीस.

मग आगीच्या परवान्याचे साहेब आले. मी चहा घेऊन उभी होते, म्हणून सगळं ऐकलं. त्यांनी खोली पाहिली, दाराशी आले, दार दोनदा उघडून लावलं आणि म्हणाले, "सर, किती पोरं बसवता?"

"पन्नासेक," तू म्हणालास. खुर्च्या ऐंशी होत्या आणि साहेबांना डोळे होते.

"पन्नासच असतील तर ठीक. त्याच्यावर एकही बसवायचा असंल तर दार बाहेर उघडलं पाहिजे. रुंदी चांगली आहे दाराची. फिरवून घ्या, सत्तरचा परवाना देतो."

"खोली तीच, दार तेच," तू म्हणालास. "आत उघडलं काय न् बाहेर उघडलं काय, माणसं तेवढीच मावतात ना?"

साहेब हसले. म्हणाले, "सर, किती मावतात ते खुर्च्या सांगतात. मी पाहतो किती निघतात ते. धूर झाला की समदे दारावर येतात. मागचे समोरच्याले ढकलतात. आत उघडणारं दार ओढाचं म्हणजे समोरच्याले एक पाऊल मागं यावं लागते. मागं यायले त्याले जागा कोण देते? बाहेर उघडणाऱ्या दाराले ते ओझंच उघडते."

मला तेव्हापर्यंत दाराबद्दल इतकंच माहीत होतं की ते लावलं की मांजर येत नाही. पण साहेब बोलले ते डोळ्यांपुढे उभं राहिलं. तू मान हलवलीस, त्यांना जिन्यापर्यंत पोचवलंस आणि परत येऊन म्हणालास, "यायले काम नाई काही." खुर्च्या ऐंशीच राहिल्या.

आणि मग वांदर आलं. तुला आठवतं ना? तू तर ते पुढे वर्षभर हसून सांगत होतास. काळ्या तोंडाचं मोठं वांदर मागच्या खिडकीतून आत उतरलं आणि कोणाचा तरी डबा घेऊन टेबलावर बसलं. मी त्याच वेळी चहाची किटली घेऊन दाराबाहेर उभी होते. आत एकदम आरडाओरडा झाला आणि दारावर धाडधाड मार बसू लागला. मी किटली खाली ठेवून दार ढकललं. ते बोटभर आत गेलं आणि परत चौकटीत बसलं. खांदा लावला. हलेना. ज्यांना बाहेर यायचं होतं त्यांनीच दार दाबून धरलं होतं. फटीतून एका मुलीचा आवाज येत होता, "मावशी, ढकला ना! मावशी!" मी ओरडले, "मागं सरका, बाई!" ती म्हणाली, "कुठं सरकू?"

वांदर पोळ्या घेऊन खिडकीतून आपोआप गेलं. तेव्हा मागचे मोकळे झाले आणि दार उघडलं. त्या मुलीच्या गालावर लाकडाचा वळ उठला होता आणि मनगट कडीनं कापलं होतं. सगळे हसू लागले. तूही हसलास. "वांदराले एवढे भेता, पेपरात काय कराल?" असं म्हणालास. पोरं आणखी हसली. ती मुलगीही हसली, मनगट धरून. मी तिला हळद लावून दिली. मला हसू आलं नाही, दादा. त्या दाराच्या दुसऱ्या बाजूला मी उभी होते. तू तिथं नव्हतास.

त्या रात्री तुला जेवायला वाढताना मी पहिल्यांदा माझ्या तोंडानं काही मागितलं. इतक्या वर्षांत साडीही मागितली नव्हती.

"दादा, दार फिरवून घे."

"काऊन?"

"साहेबानं सांगितलं तसंच झालं आज. मी ढकलून राह्यली होती, उघडे नाई."

"चौथी पास झाली तू, आन् मले दार शिकवते?"

मी हलले नाही. भाजीचं भांडं हातात घेऊन तिथंच उभी राहिले. वयनी म्हणाल्या, "बेबी, बस झालं." मी तरी उभी. शेवटी तू ताटाकडे पाहत म्हणालास, "तुलेच भेव वाटते ना? मंग तुह्या पैशानं फिरव."

"माह्याजवळ कुठचे पैसे?"

"मी देतो. तुह्या डब्याच्या पैशातून दर महिन्याले पाचशे कापत जाईन."

तुला वाटलं मी नाही म्हणेन. मी म्हटलं, "हाव."

चेहरा वर करून पाहिलंस तू. मग वयनींकडे पाहून हसलास. "आयकलं? आपली बेबी दाराची मालकीण होते आता." तुझ्याच तोंडचं वाक्य आहे हे, दादा. वयनींच्या समोरचं. मी ते जपून ठेवलं.

गजू मिस्त्रीनं बारा हजार सांगितले. मला वाटलं होतं, चार बिजागऱ्या काढायच्या आणि चार लावायच्या. तो म्हणाला, "तसं नसते बाई. चौकटीची खाच आतून आहे, समदी चौकट उपडून उलटी बसवा लागते. आन् बिजागरी बाहेर आली की चोर पिन ठोकून काढते, त्याच्यासाठी बंद पिनची बिजागरी लागते." जिन्याच्या वरच्या टप्प्यावर चपलांचा रॅक होता, तो खाली न्यावा लागला, नाहीतर दार पूर्ण उघडलं नसतं. आतली जुनी कडी काढून एका हातानं सरकेल अशी लावली. दोन दिवस भिंतीचं सिमेंट पडत होतं आणि मी झाडत होते. तू येता-जाता म्हणायचास, "मालकीणबाई, काम बराबर होऊन राह्यलं ना?"

दार फिरल्यावर तुला एकच गोष्ट टोचली. उघडं दार बाहेरच्या भिंतीला टेकलं की त्यावरची तुझ्या नावाची पितळी पाटी भिंतीकडे तोंड करून जायची. दुसऱ्या दिवशी तू स्वतः स्क्रू काढून पाटी भिंतीवर लावलीस. साहेब परत आले, दार दोनदा ढकलून पाहिलं, सत्तरचा परवाना दिला. तू तो फ्रेम करून टांगलास आणि दहा खुर्च्या खाली आणून ठेवल्यास. जो धंदा चोरून चालला होता तो रीतसर झाला. वीस खुर्च्यांची फी माझ्या दारानं तुला उजळ माथ्यानं मिळवून दिली. आणि पहिल्या तारखेला तू माझ्या पैशातून पाचशे कापलेस.

मी वाट पाहिली की पुढच्या महिन्यात तू म्हणशील, जाऊ दे बेबे. नाही म्हणालास. त्याच्या पुढच्याही महिन्यात नाही.

वैशाखात आग लागली. दुपारची वीज गेली होती, इन्व्हर्टरवर पंखे चालू होते. इन्व्हर्टर तुझ्या टेबलामागच्या कोपऱ्यात. मी खाली कणीक मळत होते. आधी वास आला, रबर जळावं तसा. मग वरून दार भिंतीवर आपटल्याचा आवाज आला, असा की डब्यांवरची झाकणं वाजली. आणि मग जिन्यावर पावलं. पावलांमागून पावलं. कणकेच्या हातानं मी बाहेर आले तर पोरं आंगणात उतरतच होती, काळा धूर त्यांच्या मागे जिन्यातून येत होता. कोणाची चप्पल राहिली, कोणाचा फोन राहिला. माणूस एकही राहिलं नाही. मनगटावर वण असलेली ती मुलगी माझ्याजवळ आली आणि खोकत म्हणाली, "मावशी, ढकलावंच नाही लागलं."

सगळे आले आणि तू नव्हतास. मी जिन्याकडे धावले तेव्हा तू उतरत होतास, तोंडाला रुमाल, हातात कोणाची तरी पर्स. सगळे निघाले का ते बघत तू शेवटपर्यंत आत थांबला होतास. हे मी सगळ्यांना सांगते, दादा. तुझ्याबद्दल चांगलं काय ते मी लपवत नाही. तू मात्र लपवलंस.

कारण मग सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पेपरात फोटो. बोलणाऱ्यानं सांगितलं, सरांनी स्वखर्चानं, दूरदृष्टीनं दार फिरवून घेतलं. तू खुर्चीत बसून ऐकत होतास. मी मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि मला वाटलं, आता हा उठेल. आता म्हणेल, दार माझ्या बहिणीनं फिरवलं. तू उठलास, नमस्कार केलास, म्हणालास, "मी फक्त माझं कर्तव्य केलं." टाळ्या झाल्या. पहिल्या तारखेला पाचशे कापलेस.

त्या पाचशेसाठी मी तुला कधी माफ करीन असं वाटत नाही. बारा हजार दिले असते, चोवीसही दिले असते. पण शाल पांघरलेल्या हातानं कापायचे नव्हते.

एकच गोष्ट मला सोडत नाही. सत्काराच्या दोनेक आठवड्यांनी, खोली रंगवून झाली होती, पोरं यायची होती. मी झाडू घेऊन जिना चढले तर तू दारापाशी एकटा उभा होतास. दार ढकलत होतास. उघडायचं, ओढून लावायचं, पुन्हा ढकलायचं. भिंतीत त्या दिवशी कडीनं पडलेला खड्डा तू रंगाऱ्याला बुजवू दिला नव्हतास, त्यात बोट घालून पाहिलंस. मी दिसल्यावर हात मागे घेतलास. म्हणालास, "बेबे, बिजागरीले तेल टाकत जाजो." आणि खाली गेलास.

ते तुझं कबूल करणं होतं का? मी तसं धरू का? तू जिवंत असतास तर विचारलं नसतं, आणि आता विचारून उपयोग नाही. मी तेल टाकत गेले. तू ज्या पहाटे गेलास, चहा घेऊन आले तर तू भिंतीकडे तोंड करून झोपेतच थंड झाला होतास, त्याच्या आदल्या दिवशीही टाकलं होतं.

आता आज सकाळचं.

निखिल उद्या पुण्याला परत जाणार, म्हणून त्यानं वयनींना आणि मला बसवून सांगितलं, "आत्या, वरची खोली मी एका क्लासवाल्याले भाड्यानं देऊन राह्यलो. चांगला पैसा देते. त्याले फक्त जिन्याच्या टप्प्यावर फी घ्यायचं काउंटर पाहिजे. म्हणून दार पयल्यासारखं आत फिरवून घेतो म्हणते, त्याच्याच खर्चानं. शंभरेक पोरं बसतीन."

वयनी म्हणाल्या, "बरंच झालं. पयलेच तसं होतं."

मी पदराशी खेळत होते, ते हात थांबले. मी म्हटलं, "फिरवायचं नाई."

निखिलला वाटलं मी दुसऱ्याच कशाबद्दल बोलते. "काय नाई फिरवायचं, आत्या?"

"दार. ते माह्यं आहे."

तो हसला, तुझ्यासारखाच. "आत्या, घर बाबाचं आहे."

"घर तुह्यं. खोली तुह्यी, भाडं तुह्यं. दार न् चौकट माह्यी. विचार तुह्या मायले. दर महिन्याले पाचशे कोणाचे कापत होते? मालकीण कोण म्हणे मले?"

निखिलनं वयनींकडे पाहिलं. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. त्यालाही तू दूरदृष्टीचंच सांगितलं होतंस. मला वाटलं, आता वयनी खोटं बोलतील. पण खोटं बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हजार रुपये अजून बाकी आहेत तिच्यावर. दोन महिन्यांचे."

दादा, तुझ्या घरात माणूस गेलं तरी हिशेब जात नाही.

मी उठले, माझ्या खोलीतल्या साखरेच्या डब्यातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या आणि आणून वयनींसमोर धरल्या. निखिल म्हणाला, "आत्या, राहू दे ना. काय लावलं हे?" मी म्हटलं, "राहू द्यायचं असतं तर तुह्या बाबानं राहू दिलं असतं. तू त्या क्लासवाल्याले सांग, दार बाहेरच उघडते. परवाना सत्तरचा आहे, सत्तरच बसवायचे. जमत असंल तर ये म्हणा, नाई तर दुसरी खोली पाहाय म्हणा."

इतकं लांब मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. निखिल म्हणाला, "बरं. सांगतो तसं."

वयनींनी नोटा घेतल्या. उजेडाकडे धरून पाहिल्या, एक, मग दुसरी, घडी घातली आणि कमरेला खोचल्या.

"फिटले?" मी विचारलं.

वयनी म्हणाल्या, "फिटले."